गाडी एकदाच 'टक्' करते, स्टार्ट होत नाही. बॅटरी की सेल्फ (स्टार्टर मोटर)? (नाशिक)

मोगरा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, २०१६ चं मॉडेल. मागच्या आठवड्यापासून चावी फिरवली की बॉनेटखालून एकच टक् येतो आणि पुढे काहीच नाही. टकटकटकटक नाही हं, एकदाच, चांगला दणकून. डॅशबोर्डचे दिवे नीट, हॉर्न नेहमीसारखा, हेडलाईटही. चावी मारत राहिलं की कधीतरी अचानक लागते आणि एकदा लागली की मग काही तक्रार नाही, गंगापूर रोडला जाऊन येते. दुसऱ्या दिवशी परत तेच.

बॅटरी दिवाळीला नवीन घेतलीये. मेकॅनिकने गाडी न बघता फोनवरच निकाल दिला, सेल्फ गेला, सहा-सात हजार धरून चाला. सासरे म्हणतात बॅटरीच खराब निघाली, चला दुकानदाराशी भांडायला. भाऊ म्हणतो विकून टाक. यातलं काहीही करायच्या आधी घरच्या घरी काय तपासता येईल ते सांगा. मल्टिमीटर आहे, वापरता येतो.

काटा_किर्र
इंदिरानगरच्या बोगद्यात बंद पडली नाही हे नशीब समजा. मागच्यांनी हॉर्न वाजवूनच स्टार्ट केली असती. बाकी चालू द्या, बसलोय वाचत.

सिडकोचा_सम्या
बॅटरी. डोळे झाकून बॅटरी. 'नवीन घेतली' याला काही अर्थ नसतो ताई, दुकानात किती महिने पडून होती कुणाला माहीत. वर छापलेला बनवल्याचा महिना बघा आधी. आणि दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली असं अजिबात नाही, दिव्याला लागतो किती करंट, सगळे मिळून दहा-पंधरा अँपिअर, सेल्फला दीडशे-दोनशे लागतो.

पंचवटीचा_पासधारक
सम्याचं शेवटचं वाक्य बरोबर, पहिलं नाही. बॅटरी उतरली की एकच टक् येत नाही, टकटकटकटक अशी टायपिंगसारखी लाईन लागते. माझा अनुभव सांगतो. मी सोमवारी गाडी नाशिकरोड स्टेशनला लावून मुंबईला जायचो आणि शुक्रवारी रात्री परत. डॅशकॅम बसवला, पार्किंग मोडसकट, आणि पुढच्याच शुक्रवारी रात्री गाडी ढिम्म. आधी टकटकटक, मग तेही नाही. पार्क केलेल्या गाडीने ५० मिलिअँपिअरपर्यंत खाल्लं तर चालतं म्हणतात. कॅमेरा ३०० खात होता. दिवसाला सात अँपिअर-तासाच्या वर झाले. बॅटरी पस्तीसची. करा गुणाकार. कॅमेऱ्याची वायर आता चावीवर चालणाऱ्या फ्यूजला जोडून घेतलीये.

जुनाजाणता
आमच्या फियाटला हँडल होतं. बॅटरी मेली काय आणि सेल्फ मेला काय, पुढून हँडल घालायचं आणि फिरवायचं. फक्त अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विळखा घालायचा नाही, नाहीतर इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट गेलं. आताच्या गाड्यांना काय, चावी पण नाही. खिशात ठेवायची म्हणे.

काटा_किर्र
काका, ते हँडल आता बोनस म्हणून पण देत नाहीत हो. हलकेच घ्या.

वायरमन_सातपूर
नमस्कार. ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुणी गाडी न बघता सेल्फ गेला म्हणलं तर ते भविष्य झालं, निदान नाही.

आधी टक् कशाचा ते. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो, आम्ही स्विच म्हणतो. चावी फिरवली की त्याच्या कॉइलमध्ये करंट जातो, आतला प्लंजर ओढला जातो, तो दोन कामं करतो, एक म्हणजे बेंडिक्सचं गिअर पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दात्यांना लावतो आणि दुसरं म्हणजे आत तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडतो, मग बॅटरीचा खरा करंट मोटरला मिळतो. तो प्लंजर बसल्याचा आवाज म्हणजे तुमचा टक्. म्हणजे चावी, रिले, बारीक वायर इथपर्यंत बहुतेक सगळं ठीक आहे. प्रश्न त्याच्या पुढचा.

टकटकटक कधी होतं? बॅटरीत जीव नसतो तेव्हा. प्लंजर बसतो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, प्लंजर सुटतो, व्होल्टेज परत येतं, परत बसतो. पासधारक बरोबर बोलले.

एकच टक् आणि दिवे मंद होत नाहीत, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये नाहीतर फार कमी पोचतोय. तिथं चार संशयित: बॅटरीचे टर्मिनल, जाड वायरी (प्लस आणि अर्थ म्हणजे मायनसची, दोन्ही), सोलेनॉइडचे जळलेले कॉन्टॅक्ट, सेल्फचे झिजलेले कार्बन (मोटरला आत करंट देणारे ब्रश). यातल्या पहिल्या दोनला पैसे जवळपास लागत नाहीत म्हणून तिथून सुरू करायचं. एकच टक् आणि दिवे एकदम मंद झाले तर गोष्ट वेगळी, मग मोटर किंवा इंजिन जाम आहे का ते बघायचं.

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चावी मारायला दुसरा माणूस.
रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा मग बोला.
मग चावी मारताना मोजा. साडेनऊच्या खाली कोसळली तर सम्या जिंकला.
मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, क्लँपवर नाही, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. चावी मारा. अर्धा व्होल्टच्या वर काही दिसायला नको.
तसंच प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. तिथपर्यंत हात पोचत नसेल तर राहू द्या, जॅकवर चढवून खाली शिरू नका.
आकडे इथं टाका.

सिडकोचा_सम्या
वायरमनदादा एवढं कशाला, मीटर बीपवर टाकायचा आणि वायर चेक करायची. बीप वाजला की वायर ओके.

वायरमन_सातपूर
सम्या, इथंच निम्मी पोरं फसतात. शंभरातली एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो. हिशोब बघ. जॉइंटमध्ये फक्त ०.०२ ओहम अडथळा आहे समज. हेडलाईटचे दहा अँपिअर गेले तर ०.२ व्होल्ट कमी होतात, डोळ्याला कळत पण नाही. सेल्फचे दीडशे गेले तर ३ व्होल्ट वाटेतच खलास. आणि ०.०२ ओहम तुझा पाचशेचा मीटर मोजू शकत नाही, त्याच्या स्वतःच्या पिनांचाच अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून वायर तपासायची ती लोड चालू असताना, व्होल्टमध्ये. टाकी भरलेली आहे, पाईप कुठं चोंदलाय ते शोधायचंय.

द्राक्षवाला_निफाड
आमच्याकडं हे सगळं थंडीत होतं. कुंदेवाडीला पारा चार-पाचवर आला की पहाटे पिकअप उठतच नाही, माल घेऊन निघायचं असतं आणि डिझेल गाडी घुर्र घुर्र करत बसते. थंडीने बॅटरी मरते.

वायरमन_सातपूर
दादा, तुमची फिरते ना, मग ती वेगळी केस. फिरते पण पेटत नाही, तर ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवतात ते) बघा, डिझेलमध्ये हवा धरते का बघा. आणि बॅटरी मारतो तो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बॉनेटखाली जी भाजते त्यात प्लेटा खराब होतात, थंडीत फक्त उघडं पडतं, कारण गारठ्यात बॅटरीची ताकद कमी आणि तेल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जड.

द्राक्षवाला_निफाड
बरं. ग्लो प्लग बघतो. चारपैकी दोन गेलेत असं मागं एकजण म्हणला होता खरं.

गोदाकाठ
एक महत्त्वाचं राहतंय, पावसाळा आहे म्हणून लिहितोय. पाण्यातून गाडी नेल्यावर एकच ठक् आला आणि गाडी लागली नाही तर परत चावी मारू नका!! २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पार बुडाला होता तेव्हा आमच्या ओळखीच्या एकांची गाडी पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी उत्साहाने चावी मारली, ठक्. परत मारली, ठक्. जोर लावून, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून मारली. सिलेंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या पॉलिसीत हे सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि पाण्यानंतर तुम्हीच चावी मारत बसलात तर त्यातही वाद होतात. अशा वेळी टो करून न्यायची, प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, तेल बघायचं.

मोगरा_इंदिरानगर
बाप रे. नाही, पाण्यातून नाही गेली. सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या रस्त्यांवरून मात्र रोज जाते :)
आकडे उद्या सकाळी टाकते. टर्मिनल हाताने हलवून बघितले, हलत नाहीत, पांढरं-हिरवं काही साचलेलं पण नाही.

आडगावचा_राजा
ताई एवढं मीटर-बिटर नको. सेल्फवर पान्याने हलकेच दोन टोले द्या आणि दुसऱ्याला चावी मारायला सांगा. लागली तर कार्बन गेले. आमच्या टेम्पोवर महिनाभर एक लाकडी ठोकळा ठेवला होता त्यासाठी.

तांबट
टोल्याने कार्बन तात्पुरते जागेवर येतात हे खरं, पण टोला हे निदान नाही, पान्याने नाहीच नाही. मोटरमध्ये चुंबक चिकटवलेले असतात बऱ्याच नव्या सेल्फमध्ये, जोरात मारलं तर तडकतात. आणि टोल्याने शेजारची सैल वायर हलून गाडी लागली तर तुम्ही चांगला सेल्फ बदलणार. ठोकायचंच तर लाकडाने, हळू.

आडगावचा_राजा
लाकडीच म्हणलो की मी ठोकळा.

तांबट
वरच्या ओळीत पाना आहे राजे.

मोगरा_इंदिरानगर
हे घ्या आकडे. चावी मारायला सासऱ्यांना बसवलं होतं.
रात्रभर उभी: १२.५.
चावी मारताना (टक् आला, लागली नाही): ११.६.
मायनस खुंटी ते इंजिन, चावी मारताना: ६.५!! परत परत बघितलं, सहा-साडेसहाच येतंय.
सेल्फच्या बोल्टपर्यंत हात पोचला नाही.
अजून एक. बऱ्याचदा चावी मारून झाल्यावर क्लचची केबल हाताला चक्क गरम लागली. त्याचा काही संबंध?

वायरमन_सातपूर
संबंध म्हणजे, ताई, तुम्ही केस सोडवलीत. सेल्फला हात लावू देऊ नका कुणाला.

बॅटरीचा मायनस दोन ठिकाणी जातो, एक वायर बॉडीला आणि एक इंजिन-गिअरबॉक्सला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती इंजिनाची अर्थ वायर खराब झाली की इंजिन अधांतरी. दिवे, हॉर्न बॉडीच्या अर्थवर चालतात म्हणून ते सगळे मस्त. सेल्फ मात्र इंजिनाला बोल्ट केलेला, त्याचा परतीचा रस्ता इंजिनातूनच. तो बंद झाला की करंट मिळेल त्या वाटेने बॉडीत यायला बघतो, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, गिअरची केबल. म्हणून केबल तापली. जास्त वेळ असं चाललं तर वितळते पण, तेव्हा आता चावी मारू नका.

११.६ मधले ६.५ वाटेत गेले, सेल्फला राहिले पाच. पाच व्होल्टवर प्लंजर धरून राहतो पण इंजिन फिरत नाही. म्हणून एकच टक्.

खात्री करायची तर जंप केबल घ्या, नुसती काळी. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला, पट्टा-पंख्यापासून लांब. चावी मारा. आणि एक सांगा, एवढ्यात क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम केलंय का?

मोगरा_इंदिरानगर
मे महिन्यात क्लच प्लेट बदलली! तुम्हाला कसं कळलं?

काटा_किर्र
वायरमन आता हात बघून भविष्य सांगणार. वर म्हणाले होते की भविष्य सांगत नाही म्हणून.

वायरमन_सातपूर
:) गिअरबॉक्स उतरवायला ती अर्थ वायर सोडावीच लागते बऱ्याच गाड्यांत. परत लावताना कुणी बोल्ट नीट आवळत नाही, कुणी रंगावर, गंजावर तशीच लावतं. महिना-दोन महिने चालते, मग पावसाची ओल लागली की बोलायला लागते.

स्टार्टस्टॉप_पाथर्डीफाटा
मध्येच विचारतो, जंप केबलचा विषय निघालाय म्हणून. मी नेहमी लाल लालला, काळी काळीला, दोन्ही बॅटऱ्यांवरच लावतो. ते चूक आहे का?

तांबट
लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्याच्या प्लसला. काळी चांगल्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटचं टोक लावताना ठिणगी पडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून. काढताना बरोबर उलट क्रम. तुमची स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं ती) असेल तर अजून एक कारण, अशा बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनलवरच सेन्सर असतो, थेट खुंटीला जोडलं की त्याचा हिशोब चुकतो. आणि बॅटरी बदलताना साधी टाकू नका, ईएफबी किंवा एजीएम (स्टार्ट-स्टॉपसाठीच्या बॅटरीचे प्रकार) जी असेल तीच. महाग आहे, इलाज नाही.

जुनाजाणता
हल्ली बॅटरीलाही हिशोब ठेवायला माणूस लागतो म्हणायचा.

मोगरा_इंदिरानगर
काळी केबल लावून पहिल्याच चावीला लागली. सासरे गाडीतून उतरून टाळ्या वाजवत होते.

मग कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. वायर गिअरबॉक्सच्या बोल्टला होती पण बोल्ट हाताने फिरत होता, आणि टोकाला वायर हिरवी पडलेली, निम्म्या तारा तुटलेल्या. त्याने आधी बॅटरीचा मायनस सोडला, नवीन जाड वायर टोकं दाबून बनवली, जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. वायर-मजुरी मिळून साडेतीनशे. आता तोच मीटर ०.१ दाखवतो. आणि गाडी चालू असताना बॅटरीवर १४.२ येतंय.

वायरमन_सातपूर
१४.२ म्हणजे चार्जिंग पण झकास. अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करतो त्याचा) परतीचा रस्ता पण तोच असतो, त्यामुळे मधल्या काळात बॅटरी नीट भरली नसणार, एकदा पिंपळगावपर्यंत चक्कर मारून या. क्लच केबल वरून एकदा बघून घ्या, प्लास्टिक मऊ झालं असेल किंवा क्लच जड लागत असेल तर बदला.

सिडकोचा_सम्या
मान्य. पण बनवल्याचा महिना बघा म्हणलो होतो ते बघितलं का कुणी?

मोगरा_इंदिरानगर
बघितला. घेतली त्याच्या आदल्या महिन्यातली आहे. सासऱ्यांनी तरीही दुकानदाराला फोन केला होता, आता काय सांगायचं ते ठरवतायत.

म्हसरूळ_ऑटोमॅटिक
छान धागा. माझी ऑटोमॅटिक आहे, तिला टक् पण येत नाही, दिवे सगळे चालू. आत्ता पार्किंगमध्येच बसून लिहितोय.

वायरमन_सातपूर
ब्रेक पूर्ण दाबून धरा, लिव्हर न्यूट्रलला आणा आणि मारा. हँडब्रेक आधी ओढा, म्हसरूळला उतार असेल तर गाडी घरंगळेल. मागचे ब्रेक लाईट लागतात का ते पण कुणाला तरी बघायला सांगा.

म्हसरूळ_ऑटोमॅटिक
न्यूट्रलला लागली!! पार्कमध्ये नाही लागत. ब्रेक लाईट चालू आहेत.

वायरमन_सातपूर
मग लिव्हरच्या पोझिशनचा स्विच, नाहीतर त्याची केबल थोडी सरकलीये. तोवर न्यूट्रललाच स्टार्ट करा. आणि वेगळा धागा काढा राव, गाडीचं मॉडेल लिहून.